थ्रॉटल लॉक, अकोल्याचा रस्ता आणि कार्यकर्त्याचा उजवा हात

चळवळीतल्या तरुणांच्या मोटारसायकलींवर अलीकडे एक लहानसा जिन्नस दिसू लागला आहे. उजव्या मुठीच्या शेजारी, ब्रेकच्या दांडीजवळ बसवलेली, अंगठ्याने दाबता येईल अशी धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी. तिला थ्रॉटल लॉक म्हणतात. आपल्याकडे कोणी 'रेस लॉक' म्हणतो, कोणी नुसतेच 'लॉक'. हवी तेवढी रेस द्यायची, पट्टी दाबायची, की मूठ तिथेच थांबते. मग हात काढला तरी गाडी त्याच रेसवर चालत राहते. हा जिन्नस वापरावा की वापरू नये, यावर आमच्या अमरावती-अकोल्याच्या मंडळींत गेले वर्षभर वाद चालू आहे. काहींना हा वाद रिकामटेकडा वाटतो. जातिअंताचे बोला, आरक्षणाचे बोला, हे मुठीचे काय लावले, असे आम्हाला ऐकवले जाते. पण ज्यांना असे वाटते ते बहुधा चारचाकीत मागच्या सीटवर बसून सभेला येतात.

आपली चळवळ कशावर चालते ते एकदा नीट पाहा. ती स्प्लेंडरवर चालते, प्लॅटिनावर चालते, हप्ते फिटायचे बाकी असलेल्या जुन्या एचएफ डिलक्सवर चालते. बैठक अकोल्यात असते, कार्यकर्ता बडनेऱ्यात राहतो. शिबिर दर्यापूरला, पत्रके मूर्तिजापूरला छापायला टाकलेली. सभा संपते रात्री, तेव्हा शेवटची एसटी निघून गेलेली असते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर गाठायचे तर अकोल्याहून अडीचशे किलोमीटर, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकोल्यात क्रिकेट क्लबच्या मैदानावर धम्म मेळावा, म्हणजे दीक्षाभूमीला वंदन करून त्याच गाडीने परत. असा प्रवास करणाऱ्या पोराच्या उजव्या हाताचे काय होते, हा प्रश्न आम्हाला चळवळीच्या बाहेरचा वाटत नाही.

हाताचे काय होते ते सांगतो. मूठ फिरवली की केबल ओढली जाते, इंजिनाला जास्त हवा-पेट्रोल मिळते. आत एक स्प्रिंग असते, ती मुठीला सतत परत बंद करायला पाहते. ही स्प्रिंग मुद्दाम ठेवलेली आहे: चालवणाऱ्याचा हात सुटला, तो पडला, बेशुद्ध झाला, तर रेस आपोआप बंद व्हावी म्हणून. म्हणजे गाडी चालवणारा माणूस पूर्ण वेळ त्या स्प्रिंगशी भांडत असतो. पंधरा मिनिटे भांडणे वेगळे आणि तीन तास भांडणे वेगळे. त्यात शंभर सीसीच्या एक सिलिंडरच्या इंजिनाची थरथर हँडलमध्ये उतरते. तळहाताच्या कडेची नस दाबली जाते, करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट झिणझिणते, पुढे हात सुन्न पडतो. सुन्न हाताने पुढचा ब्रेक नीट दाबता येत नाही. मग माणूस काय करतो? डाव्या हाताने वाकून उजवी मूठ धरतो. हा प्रकार आम्ही महामार्गावर पुष्कळ पाहिला आहे.

आमच्यातल्या एका ज्येष्ठांनी पहिल्याच दिवशी हे सगळे उडवून लावले. "आमी सायकलनं अकोल्याले गेलो, तवा कोनाचा हात दुखला नाई. तुमाले मूठ धराले बी मशीन पायजे काय?" त्यावर एक पोरगा आदराने पण ठामपणे म्हणाला, "काकाजी, हात नसन दुखला, पन तुमचे गुडघे कायनं गेले?" काकाजी हसले. वाद तिथे संपला नाही, पण त्यातला एक मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

कष्ट सोसणे म्हणजेच निष्ठा, ही कल्पना आपल्या चळवळीत कोठून आली? बाबासाहेबांकडून तर नक्कीच आलेली नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टु द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधाची जी चिरफाड केली आहे ती तरुणांनी मुळातून वाचावी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की माणूस जनावरासारखा राबतच राहिला तर त्याला विचार करायला, शिकायला, संस्कृती उभी करायला फुरसत मिळणार नाही. ती फुरसत यंत्र देते. यंत्रामुळे दुष्परिणाम होत असतील तर दोष यंत्राचा नाही, यंत्राचा लाभ मूठभरांच्या खिशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. ज्यांच्या वाट्याला हजारो वर्षे फक्त अंगमेहनत आली, त्यांनी यंत्राला चोचले म्हणणे आम्हाला पटत नाही. हात दुखू नये म्हणून लावलेले साधन हा आळस नव्हे. तेव्हा तत्त्वाच्या पातळीवर आम्ही थ्रॉटल लॉकच्या बाजूचे आहोत. भानगड तत्त्वाच्या पुढे, रस्त्यावर सुरू होते.

रस्त्याचीच गोष्ट घ्या. अमरावती ते अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चा तुकडा, जुन्या लोकांचा नंबर सहा. चौपदरीकरणाच्या नावाखाली तो कित्येक वर्षे खोदून पडला होता. तेव्हा कोणाला थ्रॉटल लॉकची आठवण झाली नाही, कारण दर पन्नास फुटांवर मूठ सोडावीच लागे. मग जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर विक्रम झाला. १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा सलग ७५ किलोमीटर डांबरी थर टाकला गेला, गिनीज बुकात नोंद झाली, आणि कतारच्या दोहा शहरातला २०१९ चा विक्रम मोडला म्हणून मंत्र्यांनी जाहीर अभिनंदन केले. ७२० माणसे रात्रंदिवस राबली असे सांगितले गेले. कंपनीचे नाव सगळ्यांना पाठ आहे. त्या ७२० जणांपैकी एकाचे तरी नाव कोणी ऐकले आहे काय? जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या वऱ्हाडी उन्हात, तापलेल्या डांबराशेजारी पाच दिवस उभे राहणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरातले कोणी रोजंदारीवर गेले आहे त्यांना सांगायला नको. असो. रस्ता गुळगुळीत झाला, वेग वाढला, हात एकाच जागी तासभर राहू लागला आणि सुन्न पडू लागला. लॉकची मागणी त्या डांबरातून आली.

पण हा रस्ता दिसतो तेवढा सरळ नाही. त्याच्या खाली आपली काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते. वरचा थर कितीही विक्रमी असो, काही वर्षांत त्याला लाटा येतात. लाटेवर गाडी उचलली जाते तेव्हा हात मुठीवर असणे आणि मांडीवर असणे यात फार अंतर आहे. शिवाय रात्री कुरूम-माना पट्ट्यात रोही आडवे येतात. हंगामात कापसाने फुगलेले ट्रॅक्टर दिव्याविना उभे असतात. उलट्या बाजूने येणारी बंडी तर बाराही महिने. ताशी ६० च्या वेगाने गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर जाते, ८० ने २२ मीटर. मांडीवरचा हात मुठीकडे न्यायचा, लॉक सोडायचे, बोटे ब्रेकवर टाकायची, यात एक सेकंद सहज जातो. मोटारसायकलीत रेस आणि पुढचा ब्रेक दोन्ही एकाच हातात दिलेले आहेत, ही गोष्ट लॉक विकणारा सांगत नाही.

आणखी एक गैरसमज. पोरे याला 'क्रूझ कंट्रोल' म्हणतात. हे ते नव्हे. क्रूझ कंट्रोल वेग धरून ठेवते. चढ आला तर आपण होऊन रेस वाढवते, उतार आला तर कमी करते, ब्रेकला हात लागला की स्वतः बंद होते. ही कल्पना राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याची. तो लहानपणीच अपघातात दृष्टी गमावलेला माणूस होता. शेजारी बसून गाडीचे धक्के अंगावर घेत त्याने हे यंत्र घडवले, १९५० मध्ये पेटंट मिळवले आणि १९५८ मध्ये ते क्रायस्लरच्या गाडीत बसले. (आंधळ्याच्या गाय म्हणी सांगणाऱ्या आपल्या समाजाने ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी.) थ्रॉटल लॉक मात्र फक्त मूठ धरून ठेवते. पुलाच्या चढावर गाडी दमते, उतारावर सुसाट सुटते, लॉकला त्याचा पत्ता नसतो. ब्रेक दाबला तरी ते सुटत नाही. इंजिन पुढे ढकलत राहते आणि ब्रेक मागे ओढत राहतो.

म्हणून लॉक घ्यायचेच असेल तर असे घ्या, की जे घट्ट धरत नाही, घासून धरते. म्हणजे लॉक लागलेले असतानाही मनगटाने जोर दिला की मूठ फिरली पाहिजे, दोन्ही बाजूंना. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून, गाडी मेन स्टँडवर घेऊन हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहा. मूठ कुठेही अडकता कामा नये, आणि लॉक काढल्याबरोबर ती खटकन परत आली पाहिजे. हळूहळू येत असेल तर केबल खराब आहे किंवा लॉक चुकीचे बसले आहे. तशी गाडी रस्त्यावर काढायची नाही. पाऊस, गाव, शहर, वळण, पूल, रात्र, मागे माणूस, पुढे ट्रक, यांपैकी एकही गोष्ट असेल तर लॉकला हात लावायचा नाही. मग उरले काय? दिवसाउजेडी, कोरडा, मोकळा, सरळ रस्ता, दहा-वीस सेकंद बोटे मोकळी करण्यापुरता. तेवढ्यासाठी ते चांगले आहे. तेवढ्यासाठीच ते आहे.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा मुठीला गुंडाळून ब्रेकच्या दांडीला अडकवण्याचा जो जुगाड चालतो, तो ताबडतोब बंद करा. बडनेऱ्याच्या एका गॅरेजवाल्याने आमच्या एका मित्राला फार नेमके सांगितले: "भाऊ, रबर काढून टाका. रबरले ब्रेक समजत नाई."

आता खरा मुद्दा. गेल्या हिवाळ्यात आमचा एक कार्यकर्ता कुरूमच्या अलीकडे रोह्याच्या पिल्लावर आदळला. खांद्याचे हाड मोडले, हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. लॉक लागलेले होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा निकाल तयार: लॉकने घात केला. आम्ही जरा खोलात गेलो. हा मुलगा पहाटे पाचला उठला होता. दिवसभर दुकानात उभा होता. संध्याकाळी साठ किलोमीटर गाडी चालवून सभेला गेला, सतरंज्या त्याने अंथरल्या, माईक त्याने आणला. सभेची वेळ साडेसातची. प्रमुख पाहुणे पावणेदहाला आले आणि तास-सव्वा तास बोलले. विषय होता श्रमिकांचे हक्क. पाहुणे पांढऱ्या चारचाकीत मागे मान टाकून झोपून गेले. आमचा मुलगा साडेअकराला सतरंज्या गोळा करून मोटारसायकलवर बसला. उजव्या हाताला काही काम उरले नाही तेव्हा डोळ्यांनीही काम सोडले. घात लॉकने केला की सव्वा तासाच्या भाषणाने?

ज्या बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कामाच्या तासांचा प्रश्न लावून धरला, ज्या काळात कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ मध्ये झाली, त्यांच्या नावाने चालणाऱ्या चळवळीत कार्यकर्त्याच्या तासांचा हिशेब कोण ठेवतो? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात पगारी ड्रायव्हरला दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली होती. आमचा पोरगा पगारी ड्रायव्हर नाही. तो दिवसभर राबून रात्री स्वखर्चाने, स्वतःच्या पेट्रोलवर चळवळीची गाडी ओढतो. त्याला कायदा लागू होत नाही म्हणून त्याची झोपही लागू होत नाही काय?

वाहन आणि जात यांचा संबंध आपल्याला नवा नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी दोन प्रवास सांगितले आहेत. पहिला १९०१ चा. वडिलांना भेटायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर गाडीवाले बैलगाडी द्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे घेऊन, मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार, या अटीवर एकजण तयार झाला. दुसरा प्रवास १९२९ चा, चाळीसगावचा. तोपर्यंत ते बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सदस्य. टांगेवाल्याने टांगा भाड्याने दिला, पण अस्पृश्याला बसवून हाकण्यास नकार दिला. पाहुण्याने पायी जाणे वस्तीतल्या लोकांना अपमानाचे वाटले, म्हणून त्यांच्यातल्याच एकाने, ज्याला टांगा हाकता येत नव्हता, लगाम हातात घेतला. नदीवरच्या फरशीपुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला, घोडा आणि टांगा नदीत गेले.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण बाबासाहेबांनी त्यात आणखी एक गोष्ट नोंदवली आहे, ती आपण भाषणांतून गाळतो. वस्तीच्या लोकांनी पाहुण्याच्या इभ्रतीला त्याच्या सुरक्षिततेपेक्षा मोठे मानले, हे ते स्पष्टपणे सांगतात. त्यांना राग आलेला नाही, ते समजून घेतात, पण सांगायचे टाळत नाहीत. आज चौदा एप्रिलच्या रॅलीत ट्रिपल सीट, विना हेल्मेट, हात सोडून निळा झेंडा फिरवत गाडी पळवणारा पोरगा पाहिला की आम्हाला ती फरशी आठवते. "भीमसैनिकाले काय होते बे!" असे तो म्हणतो. काय होते ते आकडे सांगतात. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांत दुचाकीवरची जवळपास ४५ टक्के. हेल्मेट नसलेले ५०,०२९. यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे हेल्मेट मागच्यालाही सक्तीचे आहे, पण आमच्या ओळखीत मागच्यासाठी दुसरे हेल्मेट बाळगणारे चारच जण आहेत.

थ्रॉटल लॉक आणखी कोणाच्या गाडीवर दिसते तेही पाहा. अमरावतीत, अकोल्यात घरपोच जेवण आणि सामान पोचवणारी जी पोरे दिसतात त्यांच्या. त्यांतली किती पोरे आपल्याच वस्त्यांतली आहेत ते वेगळे सांगायला नको. पदवीधर आहेत, काही एम.ए. आहेत, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे. त्यांना आम्ही विचारले, शहरात लॉक कशाला? उत्तर मिळाले, उजवा हात मोकळा राहिला तर मोबाइलवर पुढची ऑर्डर घेता येते. इथे बाबासाहेबांचा यंत्राबद्दलचा दुसरा अर्धा मुद्दा लागू होतो. साधन तेच, पण त्याने वाचलेला हात कोणाच्या कामी आला? पोराच्या विश्रांतीच्या नाही, कंपनीच्या पुढच्या ऑर्डरच्या. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' हा शब्द आला, पण रस्त्यावरच्या त्या हाताला अजून 'पार्टनर' म्हणतात. या पोरांना लॉक काढून टाका असे नुसते सांगणे आम्हाला ढोंगीपणाचे वाटते. त्यांची संघटना बांधणे हे उत्तर आहे, आणि ते काम अकोल्यात दोघा-तिघांनी हाती घेतले आहे.

या सगळ्यावर एका सभेत आमच्या एका वक्त्याने झकास दृष्टांत दिला: चळवळीचीही मूठ लॉक झाली आहे, नेता हात काढून बसला आहे आणि गाडी जुन्या वेगावर पळते आहे. टाळ्या पडल्या. आम्हाला तो दृष्टांत आवडला नाही. दृष्टांतात गेलेला हात परत गाडीवर येत नाही. त्या सभेतून परत निघालेल्या अकरा गाड्या आम्ही मोजल्या. हेल्मेट तीन.

शेवटी आमच्या मंडळींत जे ठरले ते लिहून ठेवतो, कारण इतर तालुक्यांतून विचारणा होत आहे. रात्रीची सभा साडेनऊला संपेल, पाहुणे यायचे असोत की नसोत. ज्याने माईक आणला तो माईक परत नेणार नाही, ते काम दुसऱ्याचे. पन्नास किलोमीटरच्या पुढून आलेल्याने रात्री परत जायचे नाही, मुक्कामाची सोय विहारात किंवा कोणाच्या तरी घरी आधीच ठरलेली असेल. नागपूरच्या प्रवासात दर तासाने दहा मिनिटे थांबायचे, हात झटकायचे, चहा प्यायचा. मूर्तिजापूरला थांबाल तर गाडगेबाबांनी उभारलेले गोरक्षण पाहून घ्या. माणसाला आधी सावली आणि पाणी द्यावे हे तिथे भाषणाविना कळते. थ्रॉटल लॉकवर बंदी नाही, पण वरच्या अटी आहेत, आणि रबर दिसले तर जागेवर कापायचे.

एक विषय अजून बाकी आहे: मागच्या सीटच्या हेल्मेटचा खर्च. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचे पैसे कमी करून वीस हेल्मेट घ्यावीत असा प्रस्ताव आहे. त्याला दोन मंडळांचा विरोध आहे आणि तिसरे विचार करते म्हणाले. येत्या रविवारी, सकाळी अकराला बैठक आहे. सकाळी.

जय भीम.